यजमान कोण?

सोलापूर स्टेशनाबाहेरच्या रिक्षा स्टँडवर एक प्रश्न रोज विचारला जातो. मुंबईहून वंदे भारतने किंवा सिद्धेश्वर एक्सप्रेसने उतरलेला माणूस आधी अक्कलकोटच्या गाडीची चौकशी करतो, मग तुळजापूरची. गाड्यांच्या वेळा कळल्या आणि हातात दोन-तीन तास उरतात असं दिसलं की तो विचारतो, "इथं बघण्यासारखं काय आहे?"

मागच्या महिन्यात बहिणीला आणायला स्टेशनवर गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोरच हा प्रश्न एका तरुण रिक्षावाल्याला विचारला गेला. पोरगा आपलाच, विशीतला. तो हसून म्हणाला, "कुछ नहीं साब. सिद्धेश्वर का मंदिर देख लो, चादर ले लो, बस." पाहुण्यानं मान हलवली आणि बसस्टँडकडे निघाला. मी बाजूलाच उभा होतो. मीही काही बोललो नाही.

घरी येईपर्यंत ते "कुछ नहीं" डोक्यात राहिलं. ज्या शहरात साधारण पाचातला एक माणूस मुसलमान आहे, ज्या शहराचा किल्ला, वेशी, बाजार, कापड आणि स्वातंत्र्यलढा यांत आमचे आजे-पणजे आहेत, त्या शहराबद्दल आमचाच मुलगा पाहुण्याला सांगतो की इथं काही नाही. हा अंक पर्यटनावर काढायचं ठरलं ते त्या दिवशी.

विषय आत्ताच का? कारण सोलापूरकडे येण्याच्या वाटा गेल्या तीन वर्षांत बदलल्या आहेत. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. त्याच वर्षी १५ जूनला विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. त्यावरून शहरात किती वाद झाला ते तुम्ही पाहिलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये होटगी रस्त्यावरच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईचं. समुद्र सोलापूरपासून इतका जवळ कधीच नव्हता. प्रश्न एवढाच आहे की ही वाट एकाच बाजूनं चालणार का? आपण सुट्टीत गोव्याला जायचं, आणि तिकडून येणाऱ्यानं विमानतळावरून थेट अक्कलकोट गाठायचं?

आधी किनाऱ्यावरचे आकडे पाहू. पर्यटनाची हवा कुठून कुठे वळते आहे ते त्यांतून कळतं. गोव्यात २०१९ मध्ये ७१ लाखांवर देशी आणि ९ लाखांवर परदेशी पर्यटक आले होते. मग कोरोना आला. २०२४ मध्ये देशी पर्यटकांचा आकडा ९९ लाखांच्या पुढे गेला, परदेशी मात्र साधारण पावणेपाच लाखांवरच राहिले. म्हणजे गोव्याची किनारपट्टी आज प्रामुख्यानं भारतीय माणूस भरतो आहे. महाराष्ट्रात परदेशी पाहुणे येतात, २०२३ मध्ये त्यांच्या भेटींत आपलं राज्य देशात पहिलं होतं. पण त्यातला मोठा वाटा मुंबईचा. सोलापूरसारख्या गावानं ज्याची वाट पाहायची तो पाहुणा पुण्याचा, पणजीचा, हैदराबादचा, हुबळीचा आहे. तो मराठी, हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलतो. सोलापूरच्या गल्लीत वाढलेल्या पोराला यांतल्या निदान तीन भाषा येतात. हे भांडवल आपल्याकडे फुकट पडून आहे.

आता हे आकडे मोजतात कसे, तेही समजून घ्या. सरकारी व्याख्येप्रमाणे देशी पर्यटक म्हणजे आपलं राहतं गाव सोडून दुसरीकडे जाऊन हॉटेलात, लॉजवर, धर्मशाळेत किंवा मुसाफिरखान्यात निदान एक रात्र काढणारा माणूस. तीर्थयात्रा, फिरणं, धंदा, शिक्षण, औषधोपचार, कारण काहीही चालतं. मात्र नातेवाइकांना भेटायला जाऊन त्यांच्याच घरी राहणारा पर्यटक नाही. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाराही नाही.

या व्याख्येतून सोलापूरचं दुखणं लगेच दिसतं. जिल्ह्यात पंढरपूर आहे, अक्कलकोट आहे. तासाभरावर तुळजापूर आहे. आषाढीला लाखो वारकरी येतात, गुरुवारी अक्कलकोटचे रस्ते फुलतात, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला सगळा पंचक्रोशीचा माणूस लोटतो. माणूस येतो, पण सोलापूर शहरात रात्र काढत नाही. रात्र काढली नाही की जेवण एकच होतं, रिक्षाची फेरी एकच होते, चादरीचं दुकान बघायचं राहून जातं. एका रात्रीचा मुक्काम म्हणजे लॉजवाल्यापासून सकाळच्या चहाच्या टपरीपर्यंत दहा-बारा हातांना काम. त्या हातांत आपले हात बरेच आहेत.

ही व्याख्या आपल्याबद्दलही काहीतरी सांगते. सोलापूरचं मुस्लिम कुटुंब मुंबईला जातं तेव्हा हाजी अलीला जातं, चौपाटी बघतं, पोरांना समुद्रात पाय बुडवू देतं. झोपायला मात्र कुर्ल्याला खालाजानकडे नाहीतर मुंब्र्याला मामूंकडे. सरकारच्या वहीत ते कुटुंब कधी मुंबईला गेलेलंच नाही. पैसे वाचतात हे एक कारण आहे. दुसरं कारण आपण घरात बोलतो, बाहेर बोलत नाही.

कॉलेजात असताना मी आणि माझा एक मित्र परीक्षेसाठी मुंबईला गेलो होतो. स्टेशनजवळच्या एका लॉजवर विचारलं. खोली आहे, भाडं इतकं, सगळं ठरलं. मग काउंटरवरच्या माणसानं ओळखपत्रं हातात घेतली, नावं वाचली, आणि आतल्या खोलीत जाऊन आला. "सॉरी, ऑनलाइन बुकिंग झालंय." आमच्या मागे उभ्या असलेल्या दोघांना पाच मिनिटांत किल्ली मिळाली. आम्ही भांडलो नाही. रात्र प्लॅटफॉर्मवर काढली आणि सकाळी पेपर दिला. तुमच्यापैकी अनेकांकडे अशी एखादी गोष्ट असेल.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते आज तुम्हाला सांगतो. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागांमध्ये मज्जाव करता येणार नाही. आपले बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध आहेत. हे कलम मात्र खासगी मालकालाही लागू आहे. अस्पृश्यतेच्या अनुभवातून ते आलं, आणि आज ते आपल्याही उपयोगी पडतं. प्रत्येक वेळी कोर्टात जाता येत नाही, मान्य. पण नकार लेखी मागणं, वेळ आणि जागा टिपून ठेवणं, शहरातल्या वकील मित्रांना कळवणं एवढं तर करता येतं. पाहुणा म्हणून आपला हक्क काय आहे हे माहीत असलेला माणूस प्लॅटफॉर्मवर झोपला तरी मान खाली घालून झोपत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. पाहुणा म्हणून आपल्याला दार लावलं जातं, तसं यजमान म्हणूनही आपल्याला मागे ढकललं जातं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. तो ठराव चौकशीत सापडला, त्याच्या कायदेशीरपणावर प्रश्न उभे राहिले, गावातूनही विरोधाचे आवाज आले. पण ठराव करावासा वाटला, ही गोष्ट उरतेच. अशी भाषा हल्ली इतर जत्रांच्या बाबतीतही कानावर येते.

जरा आपली आडनावं बघा. मणेर, अत्तार, बागवान, तांबोळी. बांगड्या, सुगंध, फळं, पान. ही नावंच बाजारातून आणि जत्रेतून आली आहेत. महाराष्ट्राच्या जत्रा ज्या शतकांत वाढल्या त्याच शतकांत ही दुकानंही वाढली. सुनेच्या हातात बांगडी भरणारा मणेर कुठल्या धर्माचा, हे आमच्या आजीच्या काळात कुणी विचारलं नाही. आज विचारलं जातं, तेव्हा आपण दोन गोष्टी हातात धरायच्या. एक, कायदा: कलम १९(१)(छ) प्रमाणे व्यवसायाचं स्वातंत्र्य, आणि २०१४ चा पथविक्रेता कायदा. ज्यांची हातगाडी आहे त्यांनी पालिकेकडे नोंदणी आणि प्रमाणपत्राचा पाठपुरावा करावा. कागद नसलेल्याला हटवणं सोपं असतं. दुसरी, ओळख: या गावाची माहिती सांगणारा माणूस म्हणून आपण दिसलो पाहिजे. नुसता माल विकणारा माणूस बदलता येतो. गाव उलगडून दाखवणाऱ्याला बदलणं अवघड जातं.

म्हणून त्या रिक्षावाल्या पोराच्या "कुछ नहीं" कडे परत येतो. त्यानं काय सांगायला हवं होतं?

स्टेशनावरून निघून आधी चार हुतात्मा चौक. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं. काही दिवस या शहरात इंग्रजांचा हुकूम चालत नव्हता. १२ मे रोजी सरकारनं मार्शल लॉ पुकारला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. कुर्बान हुसेन कामगारांमध्ये काम करत होते, 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवत होते, आणि त्यांचं वय तुमच्याएवढं होतं. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. हे शहर काय आहे ते त्या चार नावांत कळतं.

तिथून किल्ला. सिद्धेश्वर तलावाच्या काठावरचा हा भुईकोट बहमनी काळातला. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, कारण तो हुंड्यात मागितलेला किल्ला आहे. १५२४ च्या सुमारास सोलापुरातच विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचं, मरियमचं, लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं. सोलापूरचा किल्ला देण्याचं कबूल झालं, पण दिला नाही. त्यावरून दोन्ही घराणी वर्षानुवर्षं लढत राहिली. चाळीसेक वर्षांनी हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा हाच किल्ला तिच्याबरोबर विजापूरकडे गेला. ही गोष्ट पाहुण्याला सांगताना दोन गोष्टी आपोआप सांगून होतात. मध्ययुगातल्या लढाया धर्मासाठीच होत असं मानणाऱ्याला दोन मुस्लिम घराणी एका किल्ल्यासाठी भांडताना दिसतात. आणि आजही मुलीच्या लग्नात गाडी मागणाऱ्या आपल्या लोकांना कळतं की हुंडा बादशहांच्या घरीही भांडणंच घेऊन आला.

मात्र एक पथ्य पाळायचं. त्याच किल्ल्यात जुन्या मंदिराचे अवशेष आहेत. तेही दाखवायचे, टाळायचे नाहीत. आपण कुणाच्या बादशहांची वकिली करायला उभे नाही. शहराचा इतिहास सांगताना जो आपल्या सोयीचं तेवढंच सांगतो, त्याच्यावर पाहुणा दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही.

पुढे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत १९४२ मध्ये तिथंच वारला. त्यांची गोष्ट घराघरात नेणाऱ्या १९४६ च्या सिनेमामागे दिग्दर्शक व्ही. शांताराम होते आणि पुस्तक ख्वाजा अहमद अब्बास यांचं होतं. मग संध्याकाळी विजापूर वेस. रमजान असेल तर मीना बाजार, नसेल तर कबाब आणि बिर्याणी आहेच. पाहुणा शाकाहारी असेल तर कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगापोळी. दुसऱ्या दिवशी हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेच्या संगमावर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, आणि अनेक अभ्यासक तो मराठीतला सर्वांत जुना कालनिर्दिष्ट लेख मानतात. "तुमची भाषा उर्दू ना?" असं विचारणाऱ्याला तिथं घेऊन जा. १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच सोलापुरात भरलं, प्राध्यापक फकरुद्दीन बेन्नूर याच शहरात राहून लिहीत होते, शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातल्या बार्शीचे आणि चित्रकार हुसेन पंढरपूरचे, हेही जाता जाता सांगा.

आणि मुक्काम वाढला तर सोलापूरच्या तीन बाजूंना दख्खन पसरलेलं आहे. तासाभरावर नळदुर्ग, जिथं दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं १६१३ मध्ये बोरी नदीच्या धरणाच्या भिंतीतच पाणीमहाल बांधला. दोन-अडीच तासांवर विजापूर आणि गुलबर्गा. सोलापुरात दोन रात्री राहून हे सगळं पाहता येतं. आज हे कुणी सलग जोडून दाखवत नाही.

हे काम फार भांडवलाचं नाही. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा मार्गदर्शकांसाठीचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, तो घरी बसून करता येतो. पर्यटन विभागाच्या 'निवास व न्याहारी' योजनेत राहत्या घरातल्या खोल्या नोंदवता येतात. आणि आपल्या बहिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०२३ मध्ये राज्य सरकारनं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. महिलेच्या मालकीच्या आणि तिनंच चालवलेल्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज त्यात ठरावीक मर्यादेत परत मिळतं. ज्या घरात अम्मीच्या हातची बिर्याणी मोहल्ल्यात प्रसिद्ध आहे, त्या घरात एक धंदा झोपलेला आहे. अट एकच, मालकी तिच्याच नावावर आणि हिशोब तिच्याच हातात. नावाला बेगम आणि गल्ल्यावर मियाँ असा प्रकार करू नका.

कारण यजमानपणाचा प्रश्न आपल्या घरातही आहे. हाजी अलीच्या दर्ग्यात रोज हजारो माणसं येतात, सगळ्या धर्मांची. त्याच दर्ग्यात मजारीच्या जवळ जायला काही वर्षं बायकांना बंदी होती. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमन कोर्टात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बायका आत गेल्या. ज्या कलम १५ चा आधार आपण लॉजच्या काउंटरवर घेणार, त्याच कलमाचा विचार त्या निकालातही झाला. दुसऱ्यानं आपल्याला दार लावलं की संविधान आठवायचं आणि आपण आपल्याच बहिणीला दार लावताना रिवाज आठवायचा, हे चालणार नाही.

आणखी दोन साध्या गोष्टी. रिक्षाचं भाडं ठरलंय तेवढंच घ्यायचं. एका पाहुण्याला लुटलं की तो दहा जणांना सांगतो, आणि हल्ली तो आपलं नावही सांगतो. आणि गल्लीतला कचरा. पालिका साफ करत नाही ही तक्रार खरी आहे, ती लावून धरू. पण खाद्यगल्लीत हाडं आणि प्लास्टिक रस्त्यावर टाकणारा हात पालिकेचा नाही.

या अंकाच्या निमित्तानं आमच्या गटानं ठरवलं आहे की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चार हुतात्मा चौकातून किल्ल्यापर्यंत एक पायी फेरी काढायची. फुकट. कुठल्याही धर्माच्या माणसानं यावं, मराठीत आणि हिंदीत सांगू. पहिल्या फेरीला कदाचित आम्हीच दहा जण असू. त्या रिक्षावाल्या पोराला मी शोधून काढलं आहे. त्याचं नाव इथं देत नाही, पण तो येणार आहे. "मेरे को तो मालूमच नहीं था, भाईजान," कुर्बान हुसेनांबद्दल ऐकून तो म्हणाला. मग थोडा थांबून त्यानं विचारलं, "ये सब पॅसेंजर को बोलने का, तो टाइम लगेगा ना?"

लागेल. पाहुण्याची अक्कलकोटची गाडी चुकेल आणि त्याला रात्री इथंच राहावं लागेल. तेच तर हवं आहे.